वैदेहीच्या हातांसाठी हॉटस्पॉट

“आता बघा,” वैदेही म्हणाली आणि कॅमेऱ्यासमोर हात चालवायला लागली. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. पडद्यावर तिचे हात छातीपाशी आले, बोटं वळली आणि तिथंच थिजली. चेहराही थिजला. चित्र पुन्हा हललं तेव्हा तिचे हात मांडीवर होते.

तिनं दारातून डोकावून काय कळलं असं विचारलं. मला सांकेतिक भाषा येत नाही, पण या वाक्यातल्या सुट्या खुणा तिनं मला आधी शिकवून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, “ही गोळी घ्यायची.”

“मी म्हटलं होतं, ही गोळी घ्यायची नाही,” ती म्हणाली. “आमच्या भाषेत नकार शेवटी येतो.”

मराठीतही तो शेवटीच येतो. पण फोनवर आवाज तुटला तर आपल्याला कळतं, आपण ‘हॅलो हॅलो’ करतो. थिजलेल्या चित्रात वाक्य संपलंय की मध्येच अडकलंय, ते दर वेळी कळतंच असं नाही. मोबाईल नेटवर्कच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. नेट अडकल्यावर वैतागलेली माणसं मी ढिगानं पाहिली. नेट अडकल्यामुळे अर्थ उलटा झालेला मी पहिल्यांदा पाहत होते.

मी रेडिओ नेटवर्क इंजिनिअर. म्हणजे टॉवर कुठे हवा, त्याचं तोंड कुठे हवं, सिग्नल कुठे पोचत नाही आणि का, हे शोधणारी बाई. कंपनीतली नोकरी सोडल्यावर मी लहान ऑफिसांची अशी कामं घेते. हे काम कामत सरांकडून आलं. ते एक छोटी संस्था चालवतात. कर्णबधिर पेशंट दवाखान्यात गेला की समोरच्या टॅबवर संस्थेचा दुभाषी व्हिडिओ कॉलनं हजर होतो. डॉक्टर बोलतात ते दुभाषी हातांनी सांगतो, पेशंट हातांनी सांगतो ते तो बोलून दाखवतो. वैदेही त्यांची सगळ्यात अनुभवी दुभाषी. तिचे आईवडील दोघंही जन्मापासून कर्णबधिर. हातांची भाषा ही तिची खरोखरची मातृभाषा. मराठी ती नंतर शिकली, आजीकडून.

तिची अडचण दुहेरी होती. कर्वेनगरात तिचा तळमजल्यावरचा फ्लॅट, चहूबाजूंनी उंच सोसायट्या. केबलचं इंटरनेट होतं, पण बाहेरचा रस्ता सतत कशासाठी तरी खोदला जात होता आणि प्रत्येक खोदकामात केबल तुटत होती. दुसरं म्हणजे तिची आई. वडील गेल्यापासून आई भोरच्या पुढे गावी एकटी राहते. ती न्हाणीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. आपला हात मोडला तर आपली गैरसोय होते. त्या बाईची अर्धी वाचा गेली. शेजारच्यांना तिच्या खुणा आधीच जेमतेम कळायच्या, आता एका हाताच्या अजिबात कळेनात. त्यामुळे वैदेहीला अर्धा आठवडा तिकडे राहायचं होतं आणि तिथूनही काम करायचं होतं. घरी आणि प्रवासात, दोन्हीकडे चालेल असा हॉटस्पॉट तिला हवा होता.

हॉटस्पॉट म्हणजे खिशात मावणारा एक डबा. आत सिम असतं. तो टॉवरकडून इंटरनेट घेतो आणि आजूबाजूला वाय-फाय करून वाटतो. हे काम आपला फोनही करतो, पण फोन तापतो, त्याची बॅटरी उतरते आणि नेमका महत्त्वाच्या वेळी त्यावर कुणाचा तरी फोन येतो. म्हणून वेगळा डबा.

कामत सरांनी निर्णय जवळजवळ घेऊनच मला बोलावलं होतं.

“तो नवीन पातळ हॉटस्पॉट आलाय ना, तोच घेऊन टाकू,” ते म्हणाले. “फाइव्ह-जी आहे. सगळ्या दुभाष्यांना एकेक.”

“कुठे वापरायचा?”

“कुठेही. पोर्टेबल आहे.”

“डबा पोर्टेबल आहे, सर. सिग्नल पिशवीत घालून नेता येत नाही.”

“बरं, तपासून सांगा,” सर म्हणाले.

मी दोन डबे घेतले. एक तो पातळ, पत्त्यांच्या कॅटएवढा, देखणा. दुसरा जाड, फोर-जी, साबणाच्या वडीसारखा, ज्याच्याकडे दुकानदारही फारसं लक्ष देत नाही. पातळ्यात एकाच कंपनीचं सिम चालत होतं. जाड्यात कुठलंही चालायचं आणि त्याची बॅटरी काढता यायची. हा मुद्दा घरात वापरताना कामाला येतो. असे डबे लोक दिवसरात्र चार्जरला लावून ठेवतात आणि काही महिन्यांनी आतली बॅटरी फुगते. बॅटरी काढून थेट विजेवर चालणारा डबा घरासाठी बरा.

कर्वेनगरात पातळ्यानं बाजी मारली. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्यावर तर त्याचे आकडे बघून मीच खूश झाले. खरं सांगते, मनातून मी त्याच्याकडे झुकले होते. राहिली होती ती ड्राइव्ह टेस्ट. म्हणजे गाडीत दोन्ही डबे चालू ठेवायचे, लॅपटॉपवर सिग्नलची नोंद होत राहते आणि आपण ज्या रस्त्यानं नेहमी जाणार तो रस्ता कापायचा. वैदेहीला नाहीतरी आईकडे जायचंच होतं. एका सकाळी आम्ही माझ्या गाडीतून निघालो.

स्वारगेटच्या गर्दीत दोन्ही डबे धापा टाकत होते, ते अपेक्षितच होतं. कात्रजच्या बोगद्यात दोन्ही गेले आणि बाहेर पडल्यावर परत आले. खेड शिवापूर मागे पडलं आणि वैदेहीचा फोन थरथरला. मेसेज वाचून तिनं मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

तिची एक पेशंट होती. मी तिला इथे सुलभा म्हणते. तिच्या परवानगीनंच हे लिहिते आहे, नाव मात्र खरं नाही. सुलभा जन्मतः कर्णबधिर, नवराही तसाच. पहिलटकरीण. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. या खेपेला पहिल्या तपासणीपासून वैदेहीच तिची दुभाषी होती. वार, नाळ, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, अशा कितीतरी गोष्टींना सगळ्यांना ठाऊक असलेली खूण नसते. महिनोन्‌महिने दोघींनी मिळून आपापसातल्या खुणा ठरवल्या होत्या. सिझेरिअन पुढच्या आठवड्यात करायचं ठरलं होतं. पण सकाळी तिचं ब्लडप्रेशर एकदम चढलं आणि डॉक्टरांनी थांबायचं नाही असं ठरवलं. तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याची तयारी सुरू झाली होती.

मी म्हटलं, गाडी वळवते. वैदेहीनं मान हलवली. कात्रजपासून शहर पार करून दवाखाना गाठेपर्यंत सगळं उरकलं असतं.

तेवढ्यात कामत सरांचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

“तू रस्त्यात आहेस. दुसऱ्या कुणाला देऊ का?”

“देऊ नका, सर,” वैदेही म्हणाली. “भूल मणक्यातून देणार आहेत. ती जागी असणार. आमच्या खुणा दुसऱ्या कुणाला कळणार नाहीत.”

“पण नेट?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “जागा शोधते.”

आम्ही थांबलो होतो तिथे हॉटेलं होती, गाड्यांची रांग होती आणि पातळ डब्यावर सिग्नलच्या दांड्या भरून दिसत होत्या. सामान्य माणूस तिथंच बसला असता. पण त्या दांड्या टॉवरचा आवाज आपल्याला किती ऐकू येतो तेवढंच सांगतात. टॉवर ओरडून बोलतो. आपला एवढासा डबा कुजबुजतो. ती कुजबुज टॉवरपर्यंत नीट पोचते का, हे दांड्या सांगत नाहीत. सिनेमा बघायचा तर टॉवरचं ओरडणं पुरतं. वैदेहीला तर तिचे हात पाठवायचे होते. सगळा भार अपलोडवर, म्हणजे त्या कुजबुजीवर होता. त्यातून तिथे एकाच वेळी तीन-चार टॉवर ऐकू येत होते. विसर्जनाच्या दिवशी एका चौकात चार ढोलपथकं एकदम वाजायला लागली तर आवाज भरपूर असतो, पण ताल एकाचाही कळत नाही. तसं ते होतं.

शिवाय पातळ डबा सारखा फाइव्ह-जीवरून फोर-जीवर आणि परत उड्या मारत होता. प्रत्येक उडीला अपलोडचा आलेख खाली आपटत होता. शहरात जो गुण होता तोच इथे अडचण झाला होता. मिरवणुकीत ढोल लांबवर ऐकू येतो, झांज ऐकायला जवळ जावं लागतं. रेडिओ लहरींचंही तसंच असतं. खालच्या पट्टीतल्या लहरी लांब जातात, झाडाझुडपांतून वाट काढतात, पण माल कमी वाहतात. वरच्या पट्टीतल्या भरपूर वाहतात आणि लवकर विरतात. जाड्या डब्याला ‘खालच्याच पट्टीत राहा, हलू नकोस’ असं सांगायची सोय होती. मी त्याला तसं सांगितलं आणि सर्व्हिस रोडनं हळूहळू पुढे निघाले.

हॉटेलं संपल्यावर एक बंद रसवंतीगृह लागलं. वर पत्रे, एक बाक, एक टेबल, मागे निळी ताडपत्री. समोर मोकळं शेत आणि शेतापलीकडे एकच टॉवर, सरळ नजरेत. जाड्याचा आलेख खाली आला आणि सपाट झाला. वेग पातळ्याच्या शहरातल्या आकड्यांपुढे अगदीच किरकोळ होता. पण तो हलत नव्हता.

“हात तुटणार नाहीत ना?” वैदेहीनं विचारलं.

“शब्द देऊ शकत नाही,” मी म्हटलं. “पण दोन्हींत हाच भरवशाचा.”

गाडीचा पत्रा सिग्नल अडवतो, म्हणून आम्ही शेडमध्येच बसायचं ठरवलं. तिनं टेबलावर टॅब उभा केला, पाठीमागे ताडपत्री येईल अशी बसली, बांगड्या काढल्या, कानात इअरफोन घातले. मी डबा तिच्याच ओढणीत बांधून शेडच्या खांबाला वर लटकवला. सावलीत, कारण उन्हात हे डबे तापतात आणि तापले की स्वतःच वेग कमी करतात. मग मी टॅबच्या मागच्या बाजूला गेले. मला पडदा दिसत नव्हता. फक्त वैदेही दिसत होती, आणि हातातल्या फोनवर अपलोडचा आलेख.

पलीकडे ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला टॅब चालू झाला. वैदेहीनं पहिल्यांदा माझ्याबद्दल सांगितलं असावं, कारण तिनं माझ्याकडे बोट केलं. मग समोर पाहत ती मराठीत बोलली, “राहू देत त्यांना. नेट गेलं तर भांडायला कुणीतरी हवं.”

हे सुलभाचं बोलणं होतं. डॉक्टर हसल्याचं मला वैदेहीच्या चेहऱ्यावरून कळलं.

पुढचं मी कसं सांगू, मला नीटसं येत नाही. मी आयुष्यभर आकडे पाहिले. माणसं त्या आकड्यांच्या टोकाला असतात हे मला माहीत होतं, पण एखादं माणूस दुसऱ्या माणसातून आरपार जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर बोलायच्या आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत वैदेहीच्या हातांवर ते उमटायचं. नुसते हात नाहीत, भुवया, गाल, खांदे, सगळं. डॉक्टरांचे शब्द तिनं मला नंतर सांगितले: पाठीत सुई जाणार आहे, थंड लागेल, हलायचं नाही. त्यातली ‘नाही’ची खूण तेवढी मला ओळखू आली. ती शेवटी आली आणि मी आलेखाकडे पाहिलं. सपाट होता.

मग वैदेही एकदम बारीक आवाजात म्हणाली, “मला भीती वाटतेय. मला पाय जाणवत नाहीत.”

मी चार पावलं तिच्याकडे धावले. तिनं टॅबवरची नजर न हलवता डाव्या हातानं मला थोपवलं. भीती सुलभाची होती. दुभाषी ‘ती म्हणते’ असं म्हणत नाही, ‘मी’ म्हणतो, हे मला नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की तो आवाज वैदेहीचा नव्हता. पुढच्याच क्षणी तिचा चेहरा शांत, पोक्त, डॉक्टरांचा झाला आणि हात सांगायला लागले की पाय जाणवत नाहीत ते ठीक आहे, तसंच व्हायला हवं.

मध्येच आलेख ढासळला. मी वर पाहिलं. एक कंटेनर आमच्यासमोर सर्व्हिस रोडवर येऊन उभा राहिला होता, बरोब्बर टॉवरच्या आणि आमच्या मध्ये. वैदेहीनं हातांचा वेग कमी केला, एकेक खूण दोनदा करायला लागली. मी धावत ड्रायव्हरकडे गेले आणि गाडी थोडी पुढे घ्यायची विनंती केली. तो जेवायचा डबा उघडत होता.

“का बरं? रस्ता मोकळाच हाय की.”

“एका बाईचं बाळंतपण चालू आहे.”

त्यानं शेडकडे पाहिलं. तिथे एक बाई एकटीच बसून हातवारे करत होती. “कुठं?” त्यानं विचारलं.

“पुण्यात.”

मग डबा बंद करून त्यानं गाडी पुढे घेतली, अगदी लांब, वळणापाशी नेऊन उभी केली. त्याला काय कळलं असेल देव जाणे. आलेख वर आला.

मी परतले तेव्हा वैदेहीचे हात थांबले होते. छातीसमोर, अर्धवट उघडे, थिजलेले. चेहराही थिजलेला. नेट गेलं असं वाटून मी फोन पाहिला. आलेख ठीक होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लाइन चालू आहे, पलीकडे कुणीच काही बोलत नाहीये. बाळ बाहेर आलं होतं आणि ओटीत शांतता होती. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हात थांबले होते. ती शांतता वैदेही तशीच, जशीच्या तशी, सुलभाला देत होती.

शेतातून वारा आला, ताडपत्री फडफडली. मी आलेखाकडे बघायचं सोडून दिलं.

मग वैदेहीची बोटं हलली. आधी अगदी थोडी, ओठांपाशी. एक थरथर येऊन तुटली. पुन्हा आली, जरा मोठी. मग दोन्ही हात तोंडापासून बाहेर उसळले, थरथरत वर गेले, श्वासासाठी आत ओढले गेले आणि पुन्हा उसळले. तिचा चेहरा चुरगळला, लाल झाला. ती रडत नव्हती. बाळ रडत होतं आणि ती ते रडणं दाखवत होती. किती जोरात, कुठे अडकतंय, कुठे चिडतंय, सगळं. इअरफोन तिच्या कानात होते, मला काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मी ते रडणं पाहिलं. मला दोन मुलं आहेत. त्यांचं पहिलं रडणं मी ऐकलं होतं, पण इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं वैदेही सुलभाच्या आवाजात म्हणाली, “किती वेळ रडणार आहे बाळ?”

डॉक्टरांचं उत्तर हातांनी गेलं. मुलगी झाली होती. दोघी ठीक होत्या.

कॉल संपल्यावर वैदेहीनं इअरफोन काढले आणि बराच वेळ हात टेबलावर पालथे ठेवून बसली. नंतर तिनंच सांगितलं की बाळ रडेल तेव्हा ते नुसतं ‘रडलं’ असं सांगू नकोस, कसं रडतंय ते दाखव, असं सुलभानं तिला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. त्या शांततेत तिला एकच भीती होती, आपल्याला हे दाखवायला मिळणार नाही याची.

आम्ही पुढे गावी गेलो. तिथे एकाच कंपनीचा टॉवर पोचत होता आणि ती पातळ डब्याची कंपनी नव्हती. जाड्यात सिम बदललं, माडीच्या उत्तरेकडच्या खिडकीत ठेवला, चालला. वैदेहीनं आईला सकाळची हकीगत सांगितली. आई प्लॅस्टरमधला हात मांडीवर ठेवून बघत होती. मग तिनं एका हातानं काहीतरी विचारलं आणि वैदेही हसली. सुलभानं मुलीला खुणेचं नाव, म्हणजे हातांनी घ्यायचं नाव, काय ठेवलं, असं ती विचारत होती. ते अजून ठरलं नव्हतं.

कामत सरांना मी जाडा डबा सुचवला. कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा, बॅटरी निघणारा, पट्टी ठरवून देता येणारा. कर्वेनगरच्या फ्लॅटसाठी जागाही सांगितली, स्वयंपाकघराची खिडकी. तिथे तो पातळ्याइतका धावत नाही, पण कॉल तोडत नाही.

“म्हणजे वेग कमी आहे,” सर म्हणाले.

“बराच कमी आहे.”

“आणि तरी तोच घ्यायचा.”

“घेण्याआधी प्रत्येक दुभाष्याच्या घरी आठवडाभर ठेवून बघायचा. चालला तर तोच. नाही चालला तर दुसरा.”

त्यांनी तसं केलं. बहुतेकांकडे जाडा चालला. बाणेरच्या एका दुभाष्याकडे मात्र पातळच बरा ठरला, त्याला तो दिला.

कुठला हॉटस्पॉट घेऊ, असं मला ओळखीपाळखीचे लोक नेहमी विचारतात. त्यावर मी विचारते, तुम्हाला मुख्यतः बघायचंय की दाखवायचंय, आणि कुठे बसून? एवढ्या प्रश्नांची बहुतेकांची तयारी नसते. ते जाहिरातीतला सगळ्यात वेगवान डबा मागवतात आणि महिन्याभरानं, नेट नीट चालत नाही म्हणून, मलाच फोन करतात.